बारा पाळणे आणि एक मुकादम

"बस," शेवंताक्का म्हणाली.

"आक्का, मी खालीच थांबतो. यंत्राजवळ कुणीतरी पाहिजे."

"यंत्राजवळ कुणी लागणार न्हाई म्हणून तर ते केलंय. तूच म्हणालावतास, का न्हाई? बस गुमान बारा नंबरात. ज्यानं डोकं चालवलं त्यानं बूड बी टेकवायचं."

हे ती साऱ्या गावासमोर म्हणाली आणि साऱ्या गावाला ते पटलं. मला तेवढं पटलं नाही. मी यंत्राची एक घट्टच असलेली वायर पुन्हा घट्ट करून पाहिली.

समोर होता जत्रेतला आकाशपाळणा. आजवर लोकांना सांगताना मी त्याची उंची साठ फूट सांगत आलोय. एकदा लग्नाच्या पंगतीत ऐंशीही सांगितली. खरी होती चाळीस. आज खरीच सांगतो, कारण मला चाळीसच पुरली. आमच्या घरी दिवा बदलायचा झाला तर मी स्टूल धरायचो आणि आई वर चढायची. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, म्हणजे दिवा बदलायच्या वयाचा.

बारा नंबरात आधीच एक आजी बसल्या होत्या. हिरवं इरकल, कपाळभर भंडारा, मांडीवर पितळेचा पानाचा डबा.

"ये की," त्या म्हणाल्या. "मी चावत न्हाई. दातच न्हाईत."

त्यांचं नाव गजराबाई. मी चढलो, पाळणा हलला, आणि कुणीतरी बाहेरून साखळी अडकवली. ती खट्कन बसली तेव्हा मला वाटलं, आता हे काही माझ्या हातात राहिलं नाही. गंमत अशी की सगळं माझ्याच हातचं होतं.

गाव कृष्णाकाठचं. नाव सांगत नाही, त्या बायकांची नातवंडं अजून तिथे आहेत आणि त्यांच्याकडे या गोष्टीची वेगळी आवृत्ती आहे. त्या गावात पद्धत अशी होती की जत्रेतल्या पाळण्याचा पहिला फेरा म्हाताऱ्यांचा. गावात बारा गल्ल्या. प्रत्येक गल्लीतली सगळ्यात वडील बाई हिरवं लुगडं नेसून यायची, चाकाला हळदकुंकू लावायची आणि एकेका पाळण्यात बसायची. सधवा-विधवा बघायचं नाही. कुंकवाच्या कार्यक्रमात कुणाला वगळत नसत अशी त्या गावात ती एकच जागा होती. या बारा जणी सुखरूप खाली आल्या, की मग बाकीच्यांसाठी पाळणा खुला व्हायचा. याला म्हणायचे मानाचा फेरा.

आणि त्या वर्षीचा मानाचा फेरा पहिल्यांदाच कंप्यूटर देणार होता.

साल सत्त्याऐंशी. मी सांगलीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात होतो आणि फावल्या वेळात आठ बिटांच्या एका प्रोसेसरच्या नादी लागलो होतो. पोस्टकार्डाएवढी हिरवी पाटी, तिच्यावर झुरळाएवढी काळी चिप, आणि सोळा आकड्यांचा कळफलक. आक्का दुकानात आली ती भोंग्याचा ॲम्प्लिफायर दुरुस्त करायला. पाळणा तिच्या नवऱ्याचा. तो गेल्यावर तीच तो ट्रकावर घालून गावोगाव न्यायची. माझ्या टेबलावर दिवे ओळीनं लागून विझताना तिनं पाहिले.

"ह्याला माणसं वळखू येतात का?" तिनं विचारलं.

"नाही हो. त्याला काही कळत नाही. सांगितलं तेवढं करतं."

"मग मला त्योच पायजे."

तिची अडचण वेगळीच होती. तिचा पाळणा चालवायचे दस्तगीरमामा. साठी उलटलेली, एक डोळा अधू. त्यांची माणसं चढवायची आणि उतरवायची तऱ्हा कुणाला समजायची नाही. रांगेत पहिला असेल त्याला थांबवायचे, मागच्या जाड्या माणसाला बोलवायचे. कुणाला आधी उतरवतील, कुणाला शेवटी, नेम नाही. आदल्या वर्षी एका जत्रेत यावरून भांडण पेटलं आणि रांगेतल्या एकानं अख्खा ऊस मामांच्या डोक्यात घातला. सात टाके पडले. आक्कानं ठरवलं, ज्याला ओळखपाळख नाही, लहानथोर कळत नाही, असं काहीतरी पाळण्यावर बसवायचं. ही जत्रा यंत्रावर नीट पार पडली की मामांनी घरी जायचं, हेही तिनं ठरवलं होतं. मामांना ते माहीत होतं. मला माहीत होतं की मामांना माहीत आहे. त्यावर कुणी बोलत नव्हतं.

मी तीन महिने खपून त्या चिपसाठी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. शब्द मोठा वाटतो, काम साधं असतं. मी तिला मुकादम म्हणायचो. मुकादम स्वतः घमेलं उचलत नाही, कुणी कधी उचलायचं ते बघतो. माझ्या मुकादमाच्या हाताखाली चार गडी: एक मोटर चालवायचा, एक ब्रेक दाबायचा, एक दिवे लावायचा, एक घंटा आणि भोंगा सांभाळायचा. सेकंदाला शंभर वेळा मुकादम जागा व्हायचा आणि पुढच्या गड्याला म्हणायचा, तुझी पाळी. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. दोनशे पानी वहीत आकड्यांच्या ओळी लिहून त्या मी एकेक करून हातानं चिपमध्ये भरल्या. माझ्या राज्यात सगळे सारखे आहेत, याचा मला फार अभिमान होता.

त्याआधी मामांचं काम बघायला मी एका जत्रेत गेलो होतो. मनगटावरचं घड्याळ लावून मोजलं. एक पाळणा रिकामा केला की मामा अर्धं चाक फिरवून पार समोरचा खाली आणायचे. मग पाव चाक फिरवून भलताच. मग पुन्हा अर्धं चाक. बारा पाळणे उतरवायला नऊ मिनिटं. ओळीनं एक, दोन, तीन असे उतरवले तर तीन मिनिटांत काम होतं. मी मामांना तसं सांगितलं.

"तीन मिन्टात?" मामा म्हणाले.

"तीन. कमीच लागतील."

"आन चाक काय म्हणलं?"

"चाक काय म्हणणार?"

"न्हाई, इचारलं आपलं."

चाचणीही केली, तसा मी बेजबाबदार नव्हतो. जत्रेच्या दोन दिवस आधी हमालांकडून प्रत्येक पाळण्यात वाळूची दोन-दोन पोती चढवली. मुकादमानं तीन फेरे दिले आणि मग उतरवायला घेतलं. एक नंबर खाली, ब्रेक, घंटा, थोडी उसंत. दोन नंबर खाली, ब्रेक, घंटा. बारापर्यंत बोटभराचा फरक नाही. पोती जागच्या जागीच होती. ती उतरवायची गरज मला वाटली नाही, पोत्यांना कुठे घरी जायचं होतं. दुसऱ्या दिवशी मामांनी ती आपणहून उतरवून पत्र्याच्या कुंपणाशी रचली. मी तेव्हा चहा प्यायला गेलो होतो.

मामांचा जुना हातब्रेक म्हणजे बाभळीचा एक पुरुषभर दांडका. लोखंडी कडीत घालून चाकाच्या धावेवर, म्हणजे बाहेरच्या लोखंडी घेरावर, दाबायचा. तो मी काढायला लावला, यंत्राच्या शेजारी बरा दिसत नव्हता. मामांनी काढला आणि कुंपणाला टेकवून ठेवला.

आता गोष्टीकडे. दुपारचे चार वाजले होते.

बायकांना चढवायची वेळ आली तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "चढवाय हात माझा ऱ्हाऊ दे आज. म्हातारी माणसं हायत." मी मोठ्या मनानं हो म्हटलं. त्यांनी आपल्या तऱ्हेनं चढवलं, अर्धं चाक, पाव चाक. मी मनात हसलो. मग आक्का मला म्हणाली, बस.

तीन फेरे झाले. त्यांच्याबद्दल मी फार सांगू शकत नाही, कारण डोळे मिटलेले होते. गजराबाई सांगत होत्या.

"त्यो बघ आमचा मळा. अगं बया, म्हस सुटलीया. बघ की."

"बघतो."

"डोळं मिटून?"

"मला अशीच सवय आहे."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पान लावायला लागल्या. चाळीस फुटांवर त्यांनी सुपारी कातरली. 

मग चाक मंदावलं आणि थांबलं. घंटा वाजली. एक नंबर रिकामा. मी एक डोळा उघडला. आमचा पाळणा एकच्या शेजारचा, नुकताच खालून वर निघालेला. म्हणजे आमचा नंबर शेवटचा. घंटा, दोन नंबर. आम्ही एक घर वर. घंटा, तीन. आणखी एक घर वर. खाली एकेक बाई उतरून लेकीसुनांत जात होती आणि तिच्या बदल्यात मी वर चढत होतो. चार. पाच. सहा नंबर खाली लागला तेव्हा आम्ही बरोबर माथ्यावर होतो.

मुकादम वेळेत होता. दीड मिनिटात पाच जणी. मला भीती वाटत होती आणि अभिमानही वाटत होता, आणि दोन्हींमुळे घाम एकाच जागी येत होता.

तेव्हा मी खाली पाहिलं. उजवीकडे सात ते अकरा, पाच हिरवी लुगडी. डावीकडे एक ते पाच, रिकामे, वाऱ्यावर हलणारे. खाली सहा नंबरात अनसाबाई होत्या. त्यांनी साखळी काढली होती आणि पाय बाहेर टाकायच्या बेतात होत्या. हे सगळं मी पाहिलं, आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही.

ब्रेकचा आवाज बदलला. आधी कण्हल्यासारखा, मग घासल्यासारखा. जळक्या रबराचा वास वर आला.

"आत बस," खालून मामांचा आवाज आला. हे अनसाबाईंना. मामांनी त्यांना हातानं मागं ढकललं, आणि त्याच क्षणी चाक सुटलं.

उजवी बाजू खाली गेली. पाच म्हाताऱ्यांच्या वजनानं अख्खं चाक ओढून नेलं. सात नंबर उतरायच्या जोत्यावरून सरकला, आठ सरकला, नऊ. प्रत्येक पाळणा गेला की मी मोजणीसाठी खाली बसवलेली पट्टी टक् वाजायची आणि घंटा व्हायची, जणू एकेकजण उतरून चालला आहे. माथ्यावरून आम्ही पुढे तोंड करून खाली पडायला लागलो. जमीन आली. लोकांचे वर वळलेले चेहरे आले, एकाच्या तोंडातला बत्तासाही मला दिसला. मग जमीन थांबली, क्षणभर सगळं थांबलं, आणि आम्ही उलटे, पाठीकडून, परत वर निघालो.

मी ओरडलो का, असं लोक विचारतात. ओरडायला श्वास लागतो.

"आगं बाई," गजराबाई म्हणाल्या. त्यांचा डबा घसरला होता, तो त्यांनी पायानं अडवला. "हे बाकी झ्याक केलंस. दस्तगीरच्या वक्ताला असला झोका कधी नव्हता."

चाक वर गेलं, थबकलं, पुन्हा खाली. घड्याळाच्या लंबकासारखं. टक्, घंटा, टक्, घंटा. आणि मला आणखी एक गोष्ट आठवली. मुकादमाला चाक दिसत नव्हतं. त्याला फक्त ती टकटक ऐकू यायची. चाक पुढं जातंय का मागं, हे त्याला कळायचा मार्गच मी ठेवला नव्हता. तो मोजत होता. नऊ, दहा, अकरा, मग उलटे येणारे तेच पाळणे, तेही मोजत होता.

बारा झाले.

भोंग्यात खरखर झाली आणि माझाच आवाज आला. घरी स्वयंपाकघरात बसून टेपवर घेतलेला, मागं कुकरच्या शिट्टीसकट.

"आपली फेरी संपली. सावकाश उतरा. पुन्हा या."

मग गाणं लागलं. आणि मुकादमानं, काम पुरं झालं म्हणून, उरलासुरला ब्रेकही सोडला.

आता माझ्याशिवाय हे कुणालाच माहीत नव्हतं, की गाणं लागल्यावर बरोबर एक मिनिट मुकादम वाट बघतो आणि मग नवा फेरा सुरू करतो. मोटर पूर्ण जोरात. सात म्हाताऱ्या एका बाजूला, झोके खाणारं चाक, अनसाबाईंची साखळी उघडी, आणि वरून मोटर. मी खाली ओरडायला तोंड उघडलं. आतून पिपाणीत फुंकल्यासारखी हवा आली. वर गाणं इतकं मोठं, की मी नीट ओरडलो असतो तरी कुणाला ऐकू गेलं नसतं.

"आजी," मी म्हणालो. "खाली सांगा. मेन स्विच. फ्यूज. फ्यूज काढायला सांगा आक्काला."

"का रं?"

"सांगा हो."

गजराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा जन्म मळ्यात गेला होता, नदीपलीकडच्या गड्याला अलीकडून हाक मारण्यात. त्यांनी पान गालात सारलं.

"शेवंतेऽऽ," त्या म्हणाल्या. त्याला ओरडणं म्हणता येणार नाही, पण गाणं बाजूला झालं. "फूज काढ म्हणतंय ह्यो. आत्ताच्या आत्ता काढ."

आक्का धावली. मी आकडे मोजत होतो. चौपन्न, पंचावन्न. गाणं अर्ध्या शब्दावर तुटलं.

मग फक्त चाकाची करकर. इतकी शांतता मी जत्रेत त्याआधी आणि त्यानंतर ऐकलेली नाही.

"का रं पोरा," गजराबाई हळू आवाजात म्हणाल्या, "हे असंच व्हायचं नव्हतं व्हय?"

"नाही नाही. असंच आहे हे. यातच आहे सगळं."

आयुष्यातली माझी पहिली थाप मी तिथे मारली. पुढं पुष्कळ मारल्या, त्यांत बिबट्या आहे, कलेक्टर आहे. पण इतकी वाईट कधीच वठली नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि माझं मनगट धरलं. हात सुपारीसारखा टणक होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "खोटं बोललास तरी चालंल. हात तेवढा सोडू नगंस."

खाली मामांनी कुंपणाला टेकवलेला दांडका उचलून कडीत घातला होता. त्यांनी तो दाबला नाही. चाक झोक्याच्या टोकाला येऊन मंदावलं की तेवढ्यापुरता टेकवायचे आणि सोडायचे.

"दाबा की मामा," कुणीतरी ओरडलं.

"दाबला तर मोडंल. झोका उतरू द्या."

आक्काही दांडक्याला लोंबकळली होती. "मामा, अनसाची साखळी निघालीया. तिला आधी घ्या खाली."

"दिसतंय मला. एका डोळ्यानं दिसतंय." मामा दम घेत म्हणाले. "तिला आधी आणायचं तर बाकीच्यांस्नी आधी उतरवाय लागतंय. गप ऱ्हावा."

झोका उतरत गेला आणि चाक थांबलं. नऊ नंबर बरोबर खाली. आम्ही आसाच्या उंचीवर, एका बाजूला. पलीकडे, तेवढ्याच उंचीवर, अनसाबाई. त्यांनी दोन्ही हातांनी पाळण्याची दांडी कवटाळली होती आणि डोळे मिटले होते. त्यांच्या मांडीपुढे साखळी मोकळी लोंबत होती. आमची दोघांची भीती एकाच उंचीवर समोरासमोर होती, पण माझी साखळी लागलेली होती.

मामांनी नऊ नंबरची बाई उतरवली. मग धावेला दोर बांधून चार हमाल ओढायला लावले आणि दहा खाली घेतला. दहानंतर अकरा नाही, आठ. उलटं. मग अकरा. मग पुन्हा उलटं, सात. प्रत्येक वेळी हलकं झालेलं चाक थोडं कुरकुरायचं आणि गप्प व्हायचं. मी वरून बघत होतो. या बाजूची एक, त्या बाजूची एक. नऊ मिनिटांची ती तऱ्हा. मामा चाकाला विचारून उतरवत होते, आणि ज्यांना रांगेत मागं ठेवायचे त्यांनाही चाकाला विचारूनच ठेवत होते.

शेवटी आम्ही दोघे उरलो आणि आमच्या बरोबर समोर अनसाबाई. आमच्याकडे दोन माणसं, त्यामुळे आम्ही जड. मामांनी दांडका सैल केला आणि आमचा पाळणा आपणहून खाली आला. अनसाबाई माथ्यावर गेल्या. उघड्या साखळीनिशी.

जमीन. पायाखाली, एका हातावर. मामांनी साखळी काढली. गजराबाईंना दोघींनी धरून उतरवलं, डब्यासकट. मी उठलो.

मामांचा एक हात दांडक्यावर होता. दुसरा त्यांनी माझ्या छातीवर ठेवला. ढकललं नाही, नुसता ठेवला.

"तू उतरलास तर हितं वजन न्हाई," ते म्हणाले. "अनसा वरनं एकटी सुटंल."

"पोती," मी म्हणालो. "पोती आहेत की तिथे."

"हायत. आणून घालूस्तवर वर तिचा हात सुटला तर?" त्यांनी माझ्याकडे चांगल्या डोळ्यानं पाहिलं. "उतरायचं असंल तर उतर. मी धरणार न्हाई तुला. सांग लवकर."

मी वर पाहिलं. हिरव्या लुगड्याचा एक काठ पाळण्याबाहेर फडफडत होता.

मी बसलो. धाडस वगैरे काही नव्हतं. पाय उभे राहत नव्हते आणि बसणं सोपं होतं, असं मी बऱ्याच वर्षांनी बायकोला सांगितलं. तिनं ते मानलं नाही, आणि मी आग्रह धरला नाही.

साखळी खट्कन लागली. गड्यांनी दोर ओढला आणि मी वर निघालो. या वेळी मनगट धरायला कुणी नव्हतं. मी डोळे उघडे ठेवले, कारण मिटले की अनसाबाईंची साखळी दिसायची. अर्ध्या वाटेत आम्ही एकमेकांसमोर आलो, त्या खाली जाताना, मी वर जाताना. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "कुणाचा रं तू?" तोवर पाळणे एकमेकांना ओलांडून गेले होते. मग मी माथ्यावर पोचलो. एकटा, चाळीस फुटांवर, आणि खाली बायकांनी अनसाबाईंना उचलून घेतल्याचा गलका झाला. कुणीतरी रडत होतं. कुणीतरी हळदीचं दूध आणायला सांगत होतं.

माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. समोरचा पाळणा आता रिकामा होता, आणि त्या मोकळ्या चाकाच्या माथ्यावर मला फक्त दांडक्यावरचे मामांचे दोन हात धरून होते.

"मामा," मी म्हणालो. आवाज परत आला होता.

"हाय की. पोतं आणाय गेल्यात. दोन आणा म्हणालो हुतो, आता एकच बास. वजनाला तू एका पोत्याएवढाच हाईस."

"मामा, समोरासमोरचं उतरवायचं असतं हे मला सांगितलं का नाही तुम्ही?"

खाली दांडका जरा करकरला. मग मामा म्हणाले, "तू इचारलंस कुटं? तू घड्याळ लावून बसलावतास."

पोतं आलं, समोरच्या पाळण्यात पडलं. दांडका सैल झाला. चाक एकदाही न कुरकुरता फिरलं आणि मला खाली घेऊन आलं. मी भोंग्याकडे पाहिलं. तो गप्प होता. मामांनी साखळी काढली आणि आपल्या तोंडानं म्हणाले, "संपली फेरी. उतर लेका."

मी उतरलो आणि तिथंच जोत्यावर बसलो. गजराबाई जवळ आल्या आणि माझ्या हातावर पान ठेवलं. मी पान खात नाही. खाल्लं.

आक्का यंत्राजवळ उभी होती, हातात फ्यूज. "मामा, हे नदीत टाकू का?"

"कशाला? दिवं लावंल. गाणं लावंल बिचारं." मामा दांडका कडीतून न काढता बिडी शोधत होते. "घरी कधी जायचं म्हणालीस मी?"

"कोण म्हणालं घरी जायचं?" आक्का म्हणाली आणि फ्यूज पदरात बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोनशे पानी वही घेऊन दांडक्याशेजारी जाऊन बसलो. शेवटची काही पानं कोरी होती. पेन्सिलीला टोक केलं. मामांनी माझ्या मनगटाकडं पाहिलं. मनगट रिकामं होतं.

"हां," ते म्हणाले. "आता लिही. पैला एक. मग सात."